सहाशे मीटर: चांदा-गडचिरोलीच्या शाळांत पोरांचा दम मोजण्याचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी प्रश्नोत्तरांतील निवडक भाग.)

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला आत येतानाच विचारलं, की शाळेतल्या शारीरिक चाचणीला कसला आलाय इतिहास? गुरुजी शिट्टी वाजवतात, पोरं पळतात, वहीत आकडा पडतो, संपलं. बरोबर आहे. पण तो आकडा कुठून आला आणि वहीतून पुढे कुठे गेला, हे विचारायला लागलं की इतिहास सुरू होतो. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. का, ते पुढे येईल.

सुरुवात आजपासून करू, मग मागे जाऊ.

२७ फेब्रुवारी २०१९ ला ‘खेलो इंडिया’चं मोबाइल ॲप सुरू झालं. देशभरातल्या शाळकरी मुलांची शारीरिक क्षमता एकाच पद्धतीने मोजायची, ही योजना त्यासोबत आली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला ‘फिट इंडिया’ची घोषणा झाली. चाचणी कशी, तर पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी तीन गोष्टी: उंची-वजन; एका पायावर तोल सांभाळणं; आणि टेबलावरच्या दोन चकत्यांना एका हाताने आलटून-पालटून भराभर स्पर्श करणं. चौथीपासून पुढे उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पाय लांब करून पुढे वाकणं, पाठीवर झोपून अर्ध्या मिनिटात किती वेळा खांदे उचलता येतात ते, आणि पुश-अप. मुलींचे पुश-अप गुडघे टेकून.

आता एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातली दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा. पट पंचवीस-तीस. शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक नाही, आणि नियमाप्रमाणे असायचीही गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही शंभरावर मुलं असतील तरच. म्हणजे पहिली ते पाचवीच्या गुरुजींनी गणितही शिकवायचं, खिचडीचं रजिस्टरही भरायचं आणि चाचणीही घ्यायची. एक जण सुरुवातीच्या रेषेवर हात वर करून उभा, दुसरा टोकाला मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन. बाकीचे वर्ग रामभरोसे.

५० मीटर कसंबसं जमतं. ६०० मीटरचं काय? पटांगण चाळीस मीटर लांब धरलं, तर पोराला पंधरा खेपा माराव्या लागतात. चौदा वळणं. प्रत्येक वळणावर थांबायचं, घसरायचं, परत वेग घ्यायचा. घड्याळात येतो तो आकडा निम्मा दमाचा आणि निम्मा वळणांचा. आणि ज्या तक्त्याशी तो ताडून बघायचा, त्यात वळणांचा हिशेब नाही. हा झाला पहिला घोळ. पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: ६०० च का? पाचशे का नाही, गावापासून नाल्यापर्यंत का नाही?

त्यासाठी आपल्याला सत्तर वर्षं मागे आणि सातासमुद्रापार जावं लागेल. पण आधी घरातलं बघू.

आपला जिल्हा, म्हणजे जुना चांदा, १८५४ नंतर नागपूरच्या राज्याबरोबर इंग्रजांकडे गेला आणि पुढे मध्य प्रांतात राहिला. इथल्या माणसाचं शरीर सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते आरोग्यासाठी नाही, वर्गवारीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिस्ले याने बंगालमध्ये नाकाची, डोक्याची मापं घेऊन जाती-जमातींच्या श्रेणी लावायचा उद्योग केला. तीच नजर हळूहळू सगळीकडे पसरली. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात गोंड-माडियांचं वर्णन आहेच. रंग कसा, बांधा कसा. माणूस दमतो कशाने, हे त्या नजरेला विचारायचंच नव्हतं.

शाळेत आली ती कवायत. शब्दच बघा, मूळ अरबी, अर्थ ‘नियम’. इंग्रजी अमदानीत अनेक ठिकाणी कवायत शिकवायला पेन्शनीत निघालेले शिपाई असत. रांग सरळ, पाऊल बरोबर, आवाज एक. त्यात मोजायचं काही नव्हतं. पोरगं रांगेत आहे की नाही एवढंच बघायचं. तिला खरा पर्याय उभा राहिला आपल्या वऱ्हाडात. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा काढला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे कबड्डी आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं केली. विदर्भातल्या शाळांत लेझीम, दंड-बैठका, मल्लखांब रुजले त्यात या मंडळातून शिकून गेलेल्या मास्तरांचा वाटा मोठा. पण तिथेही भर करवून घेण्यावर. वस्ताद डोळ्याने बघून सांगायचा, हा तयार झाला, हा कच्चा आहे. घड्याळ आणि तक्ता नंतरचे.

आणि तिसरी एक वाट होती, डॉक्टरची. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोद्यात. सयाजीरावांचं राज्य, आश्चर्य नाही. पण संस्थानात जे झालं ते प्रांतात झालं नाही. १९४६ च्या भोर समितीने लिहून ठेवलं, की देशात शालेय आरोग्य सेवा जवळजवळ नाहीच. १९६०-६१ मध्ये रेणुका रे यांच्या समितीने पुन्हा तेच उकरलं. या तीन वाटा लक्षात ठेवा: कवायतीची, आखाड्याची आणि डॉक्टरची. एकाच पोराच्या अंगावरून तिन्ही जातात, पण त्या एकमेकींना भेटत नाहीत.

आता सातासमुद्रापार.

शाळेत, कारखान्यात सगळ्यांची शारीरिक चाचणी घ्यायची आणि बिल्ले द्यायचे, हा प्रकार मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत रशियाने १९३१ मध्ये सुरू केला. त्या कार्यक्रमाचं नावच होतं ‘श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज’. मला हे नाव आवडतं, कारण त्यात लपवाछपवी नाही. शरीर कशाला हवंय ते सरळ सांगितलंय.

अमेरिकेची गोष्ट जास्त गंमतीची आहे. न्यूयॉर्कमध्ये हान्स क्राउस नावाचा डॉक्टर पाठदुखीच्या रोग्यांसाठी स्नायूंच्या सहा साध्या चाचण्या वापरायचा. १९५० नंतर त्याने आणि बॉनी प्रुडेन या बाईंनी त्याच चाचण्या शाळकरी मुलांवर लावल्या. निकाल आला: अमेरिकेची सुमारे ५८ टक्के मुलं निदान एका चाचणीत नापास, आणि ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंडची ९ टक्क्यांच्या आत. शीतयुद्धाचा काळ. १९५५ मध्ये हे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे गेलं, आणि देशभर एकच हाकाटी उठली, की आमची पोरं मऊ पडली! १९५६ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. पण निकाल नीट उघडून बघितला तर नापासांत मोठा वाटा एकाच चाचणीचा होता: उभं राहून, गुडघे न वाकवता बोटांनी जमिनीला हात लावायचा. म्हणजे अमेरिकेची पोरं कमजोर होती का? त्यांना वाकायची सवय नव्हती, एवढंच त्यातून खात्रीने निघत होतं. आपल्याकडे धानाची रोवणी करणाऱ्या घरातलं पोर त्या परीक्षेत पहिलं आलं असतं, आणि पुल-अपच्या परीक्षेत कदाचित शेवटचं. कोणती परीक्षा निवडता त्यावर कोण नापास होणार ते ठरतं. हे एक वाक्य घरी घेऊन गेलात तरी माझं आजचं काम झालं.

त्या गोंधळातून १९५८ मध्ये अमेरिकेच्या शारीरिक शिक्षकांच्या संघटनेने युवक क्षमता चाचणी तयार केली. तिच्यात होती ५० यार्डांची धाव. आणि ६०० यार्ड धावणं किंवा चालणं. ओळखीचं वाटतंय ना? ही चाचणी आपल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. यार्डाचे मीटर झाले, आकडे तेच राहिले. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत १९८० मध्ये त्याच संघटनेने नवी चाचणी काढली, आरोग्याशी जोडलेली, आणि तिच्यात लांबची, मैलाची धाव घेतली. ६०० यार्डांत दमसास नीट कळत नाही, हे तोवर तिथल्या लोकांना कळलं होतं. एटापल्लीच्या पोराच्या त्या पंधरा खेपांमागे एवढा प्रवास आहे.

एका पायावरचा तोल आणि चकत्यांची चाचणी, ही दोन्ही युरोपातून आली. ‘युरोफिट’ म्हणून १९८० च्या दशकात तिथे शाळकरी मुलांसाठी एक संच बसवला गेला, त्यातली ही. तोलाच्या चाचणीचं नाव ‘फ्लेमिंगो’. आपला रोहित पक्षी. अरुंद पट्टीवर एका पायाने उभं राहायचं, मिनिटभरात किती वेळा तोल जातो ते मोजायचं. हे वाचल्यावर मला हसू आलं. मराठी मुलखात ज्या पोराने लंगडी खेळली नाही असं एक पोर शोधून दाखवा! शेजारी छत्तीसगडात तर हरेलीपासून पोरं बांबूच्या गेडीवर चढून गावभर फिरतात. तोल आपल्याला नवा नाही. नवा आहे तो पट्टीचा तुकडा, जो शाळेत नसतो, आणि मग गुरुजी विटेवर उभं करतात, नाहीतर जमिनीवरच. पट्टीवरचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा ॲपमध्ये एकाच रकान्यात जातो.

पुन्हा देशात येऊ. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. ती सुरू करणारे जनरल जगन्नाथराव भोसले, आझाद हिंद सेनेतले, आपल्या सावंतवाडी भागातले. केंद्रात ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री होते, आणि पहिला प्रयोग केला फाळणीत उखडून आलेल्या मुलांवर, दिल्लीत. या योजनेला नुसती कवायत म्हणून हिणवणारे लोक आहेत. मला ते तितकंसं पटत नाही. ज्या पोरांचं घरदारच गेलं, त्यांना रोज ठरल्या वेळी एकत्र पळवणं यातही काही आधार असतो. पुढे १९५९-६० मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम काढली. त्याच सुमारास योजनांची इतकी गर्दी झाली, की त्यांचं काय करायचं हे ठरवायला हृदयनाथ कुंझरूंची समिती नेमावी लागली. १९६५ मध्ये काही योजना एकत्र करून नॅशनल फिटनेस कोअर झाली. मधे १९६२ चं चीन युद्ध होऊन गेलेलं. ‘फिटनेस’चा अर्थ तेव्हा काय होता, हे वेगळं सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात अर्थ बदलला. दिल्लीचे आशियाई खेळ झाले १९८२ मध्ये, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झालं. आता सैनिक नको, पदक हवं. लहान वयातली पोरं चाचण्या लावून वेचायची आणि निवासी केंद्रात न्यायची, ही कल्पना आली. महाराष्ट्रात क्रीडा प्रबोधिनी निघाली तीही याच विचाराने, नव्वदच्या दशकात. आणि वेचायचं म्हटलं की डोळे आपोआप आदिवासी भागाकडे वळतात. ‘जंगलातली पोरं, काटक असतात.’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल.

या काटकपणाबद्दल जरा थांबतो. १६ मे २०१८ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली मुलं एव्हरेस्टवर पोचली. ‘मिशन शौर्य’. देवाडा आणि जिवतीच्या शाळांतून निवडलेली दहा मुलं, त्यातली पाच माथ्यावर गेली, त्यात एक मुलगी. जिल्ह्याला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण वर्तमानपत्रांनी काय लिहिलं? निसर्गदत्त काटकपणा वगैरे. अहो, त्या पोरांना महिनोन्‌महिने शिकवलं होतं. भोंगीरच्या कड्यावर नेलं, दार्जिलिंगला नेलं, लडाखच्या थंडीत नेलं. खायला नीट दिलं, डॉक्टर ठेवले. म्हणजे एव्हरेस्टने सिद्ध काय केलं? आदिवासी पोरावर इतरांइतका खर्च केला, लक्ष दिलं, की काय होतं, ते. ‘काटक’ म्हटलं की खर्च करायची गरज उरत नाही. हीच रसेल-हिरालालची नजर, फक्त आता कौतुकाचं कापड पांघरून.

आता आपल्या दोन जिल्ह्यांतली सगळ्यात खरी शारीरिक चाचणी कोणती, असं विचारलं, तर ॲपवरची नाही. ती भरतीची. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. नक्षलवादी चळवळ त्याच सुमारास इथे शिरली, आणि १९९० मध्ये पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं, स्थानिक तरुणांमधून. तेव्हापासून दोन पिढ्या झाल्या. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. वनरक्षकाला मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर. घरातला एक जण लागला की घर उभं राहतं. त्यामुळे पहाटे चार-साडेचारला आरमोरी रस्ता असो की मूल रस्ता, पोट्टे पळताना दिसतात. मोठ्यांचं बघून लहानही निघतात, सहावी-सातवीतले.

रस्त्यावर का पळतात? मैदान नाही म्हणून. ७ ऑगस्ट २०२५ ला गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने उडवलं. चार मुलं गेली. शाळकरी वयाची. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या गावांत तर रस्ता सोडून जंगलाच्या कडेला पळावं, तर पहाटेची वेळ वाघाची.

(थोडा वेळ शांतता.)

मैदानाचा कायदा सांगतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेला मैदान हवंच. पण वनहक्क कायद्यात, कलम ३(२) मध्ये, गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते त्या तेरा गोष्टींची यादी आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, तलाव, समाजमंदिर वगैरे. एका कामाला एक हेक्टरच्या आत. त्या यादीत मैदान हा शब्द नाही. शाळा या शब्दात मैदान धरायचं की नाही, हे साहेबावर. ज्या जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगल आहे, तिथे हा एक शब्द नसणं किती महागात पडतं बघा. ६०० मीटर मोजायला सांगणारा कागद एका खात्याचा, जमीन दुसऱ्याची.

आता मी ज्यासाठी एवढं सगळं सांगत आलो, तिथे येतो. चाचणीचा आकडा पोराबद्दल काय सांगतो?

पहिली गोष्ट वय. सगळे तक्ते वयाप्रमाणे. नऊ वर्षांच्या मुलीला इतके सेकंद, दहाच्या मुलीला इतके. आणि आपल्याकडे वय? या सभागृहात ज्यांचा शाळेच्या दाखल्यावरचा वाढदिवस १ जून किंवा १ जुलै आहे त्यांनी हात वर करा. (हशा.) बघा. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तारखा बऱ्या लागतात, पण आतल्या गावांत अजून अंदाजाचं वय असतं. वर्षभराची चूक झाली की चांगलं पोर कच्चं ठरतं.

दुसरी गोष्ट महिना. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. जुलै-ऑगस्टात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्याच वेळेपासून दिवाळीपर्यंत हिवतापाचा हंगाम, आणि राज्यात हिवतापात गडचिरोली आघाडीवर. हिवताप होऊन गेलेल्या पोराचं रक्त कमी झालेलं असतं. त्याला ऑक्टोबरात पळवलं आणि जानेवारीत पळवलं, तर दोन वेगळी पोरं पळाल्यासारखं होईल. म्हणून माझं म्हणणं, आकड्याशेजारी तारीख लिहा, आणि गेल्या दोन महिन्यांत ताप येऊन गेला का, ते लिहा. शेवटी आपल्याला पोराचा दम बघायचाय, की मच्छराचा?

तिसरी गोष्ट रक्तच. सिकलसेल. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, नीलगिरीच्या आदिवासींत. १९५८ मध्ये नागपूरहून मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध झाली. आज आपल्याला माहीत आहे, की गोंड, माडिया, परधान, महार अशा अनेक समाजांत तो आहे. त्यात दोन प्रकार: वाहक आणि रुग्ण. आई-बापांपैकी एकाकडून आला तर वाहक, दोघांकडून आला तर रुग्ण. १९६८-६९ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमधल्या एका लष्करी तळावर प्रशिक्षण घेताना सिकलसेलचे वाहक असलेले चार जवान दगावले, आणि अतिश्रमाशी याचा संबंध डॉक्टरांच्या ध्यानात आला. १९८७ च्या मोठ्या अभ्यासात तो पक्का झाला. ते तरुण सैनिक, टोकाचे श्रम. आपली चौथीची ६०० मीटर धाव म्हणजे तसला प्रकार नाही, उगाच घाबरून जाऊ नका. पण रुग्ण असलेल्या पोराला उन्हात, पाणी न देता, ‘चल, थांबायचं नाही’ असं ओरडत पळवलं तर त्याला वेदनेचा झटका येऊ शकतो. आणि तो आला तरी ॲपमध्ये नोंद काय होणार? ‘कमी क्षमता.’

इथे त्या तीन वाटा आठवा. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, उद्घाटन आपल्याच राज्यात पालघरला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, उंची-वजन घेतं, पांढुरकेपणा बघतं. २०२३ च्या १ जुलैला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचं कार्ड वेगळं. आणि ॲपसाठी गुरुजी तिसऱ्यांदा उंची-वजन घेतात. शाळा आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभागाचं रजिस्टर आणखी निराळं. एकच पोर, तीन-चार तराजू, तीन-चार खाती. डॉक्टरकडे असलेलं कार्ड शिट्टी वाजवणाऱ्याच्या हातात नसतं, आणि पोर चौथ्या खेपेला का बसलं ते डॉक्टरला कधी कळत नाही. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासाचा सगळ्यात वाईट वारसा आहे. प्रत्येक चाचणी कुणाला तरी काहीतरी हवं होतं म्हणून निघाली. सैनिक हवा होता, शिस्त हवी होती, पदक हवं होतं, आता पोर्टलवर टक्केवारी हवी आहे. आकडा नेहमी वर गेला. ज्याचा होता त्याच्या घरी तो परत आला नाही.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचाच अभ्यास केला. आणि मग कळलं, की लोकांना तो आपला पहिला प्रश्न वाटतच नव्हता. हे डॉ. बंगांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितलेलं आहे, आणि पुढचं संशोधन त्यांनी लोकांना विचारून ठरवलं. शाळेच्या चाचणीबाबत असं कुणी पालकाला विचारलंय का, की बाबा, तुझ्या पोराबद्दल तुला काय जाणून घ्यायचंय? मला वाटतं, पालक ६०० मीटरचे सेकंद विचारणार नाही. तो विचारेल, हा लवकर का थकतो.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मग ही चाचणी बंदच करावी का?

नाही, नाही. उलट. आपल्या शाळांत वर्षातून एकदा तरी कुणी एकेका पोराकडे, नाव घेऊन, नीट बघतं, हे थोडं नाही. बाकी वेळ आपण वर्ग बघतो, पट बघतो. फक्त दुसऱ्या गावाच्या तक्त्याशी ताडू नका. त्याच पोराच्या गेल्या वर्षीच्या आकड्याशी ताडा. तेच पटांगण, तीच वळणं, तोच महिना. गेल्या वर्षी चार मिनिटांत आलं, यंदा पाच लागली, तर काहीतरी झालंय. याला ना ट्रॅक लागतो, ना यंत्र. एक दोरी, एक घड्याळ आणि जपून ठेवलेली वही.

प्रश्न: मुलींना पुश-अप वेगळे का? आमच्या मुली मुलांपेक्षा जास्त ओझं उचलतात.

बाई, तुमचं बरोबर आहे. १९५८ च्या चाचणीतही मुलींसाठी हाताच्या ताकदीचा सौम्य प्रकार ठेवला होता, तीच रीत चालू आहे. वयात आल्यावर सरासरीत फरक पडतो हे खरं, पण चौथी-पाचवीत तो फार नसतो. पाण्याच्या दोन गुंड्या डोक्यावर घेणाऱ्या मुलीला गुडघे टेकायला सांगणं मलाही विनोदी वाटतं. पोर्टलसाठी त्यांचा नियम पाळा, आणि नंतर ज्या मुलीला पाहिजे तिला सरळ पुश-अप मारू द्या.

प्रश्न: मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला पळवायचं की नाही?

हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही. पथकाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नका. पण सरसकट बाजूला बसवू नका, ही विनंती. वाहक असेल तर तो इतरांसारखाच खेळतो. रुग्ण असेल तर आधी पाणी, सकाळचं कोवळं ऊन पण कडाक्याची थंडी नको, हळूहळू सुरुवात, आणि थांबावंसं वाटलं की थांबायची मुभा. ताप असेल, अंग दुखत असेल तर त्या दिवशी नाहीच. आणि चाचणीचं नाव पुन्हा वाचा, ‘धावणं किंवा चालणं’ असं आहे. चालणं त्यात पहिल्यापासून आहे, १९५८ पासून. आपणच शिट्टी वाजवताना ते विसरतो.